कागद, कात्री आणि आपलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधी महिनाभर आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. बरेचसे कागदाबद्दल असतात, काही घराबद्दल, आणि एक-दोन खरं तर घरच्यांबद्दल. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते. मी पुण्यात राहते, त्यामुळे दुकानं आणि हवा दोन्ही पुण्याच्या अंगाने येतील.

करायची खूप हौस आहे, पण सुचतच नाही. सुरुवात कुठून करू?

फोनमधली चित्रं बघून सुरुवात करू नका. ती बघून झाली की आपलं घर भिकार वाटायला लागतं आणि हात मागे जातो. त्यापेक्षा घरातली एक जागा शोधा, जी रोज डोळ्यांत खुपते: मीटरचं झाकण, औषधांचा खण, फ्रिजवरचा बिलांचा गठ्ठा.

आमच्या जुन्या स्वयंपाकघरात लाकडी मांडणी होती. तिच्या प्रत्येक फळीवर आई वर्तमानपत्र अंथरायची आणि कागदाची चार बोटं कड पुढे लोंबती सोडायची. त्या कडेला ती नक्षी कापायची. कागदाच्या आठ घड्या, कात्रीने तीन-चार चावे, आणि उलगडला की अख्ख्या फळीभर त्रिकोण, अर्धचंद्र, मध्येच एखादं भोक. महिन्याभरात कागद तेलकट व्हायचा, मग बदलायचा. बदलायचाच आहे तर या वेळी नक्षी वेगळी कापू, एवढाच तिचा विचार. याला कोणी कला म्हटलं नाही आणि तिला कधी ‘सुचत नाही’ असंही झालं नाही, कारण कागद तेलकट व्हायचा थांबत नव्हता.

मी अजून तेच करते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका खणाचा किंवा फळीचा कागद बदलते. तुम्हीही एक फळी निवडा, एका रविवारी कापा. दुसऱ्या महिन्यात तीच नक्षी परत कापायचा कंटाळा येईल आणि त्या कंटाळ्यातूनच पुढचं सुचेल.

रोज वेळ कुठून काढायचा?

रोज तास काढू नका, तो निघत नाही. मिठाईच्या एका रिकाम्या खोक्यात कात्री, डिंक, पट्टी आणि अर्धवट काम ठेवा आणि ते खोकं डोळ्यांसमोर राहू द्या. कपाटाच्या वरच्या खणात गेलेलं काम पुढच्या दिवाळीलाच खाली येतं. माझं बरंचसं घडीकाम कुकरच्या शिट्ट्या मोजताना झालेलं आहे.

तुम्ही कल्पना कुठून आणता?

उचलते. आजूबाजूला फुकट पडलेल्या असतात.

सगळ्यात मोठा साठा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. चौकोनी कागदाची चौघडी घाला आणि बंद कोपऱ्यापासून रांगोळीचा पाव भाग काढा. रांगोळीत रेघ काढतो, इथे जागा कापायची असते, त्यामुळे एक गोष्ट सांभाळावी लागते: प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला कुठेतरी धरून राहिला पाहिजे, नाहीतर उलगडताना अर्धी रांगोळी मांडीवर पडते. पहिल्या चार-पाच वेळा पडतेच. पडलेले तुकडे टाकू नका, पुढच्या पाकिटावर चिकटवा.

दुसरा साठा जुन्या वाड्यांतल्या आणि चाळींतल्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या. एका लादीत सहसा तीन-चार रंगच असतात, आणि चार लाद्या जुळल्या की मध्ये पाचवंच चित्र तयार होतं. लादीचा फोटो काढा, तेवढ्याच रंगांचे कागद घ्या आणि चार चौकोन करून जुळवून बघा. तेवढ्या रंगांत भागवायचं म्हटल्यावर डोकं चालायला लागतं. बारा रंगांचं पाकीट समोर असलं की माझं तरी चालत नाही.

तिसरी जागा सावंतवाडी. तिथल्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, रंगवणारे कलाकार आजही काम करताना दिसतात. दशावतारी गंजिफाची पानं गोल असतात. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण १२० पानं. मत्स्याच्या संचात मासे, कूर्माच्या संचात कासवं. मला त्यात आवडतं ते हे की सात मासे एका छोट्या वर्तुळात बसवायचे आणि ते कोंबल्यासारखे दिसता कामा नयेत. हा गृहपाठ घरी करून बघा: वाटी ठेवून वर्तुळ काढा, एकच आकार निवडा (पान, मासा, आंबा, काहीही) आणि एकपासून दहापर्यंत दहा वर्तुळं भरा. पाचपर्यंत सोपं जातं. सातला घाम फुटतो. ही दहा वर्तुळं एका ओळीत भिंतीवर लावली की तुमची पहिली सजावट तयार.

बाकी पैठणीचा काठ, मंदिराची जाळी, बसच्या खिडकीतून दिसणारी शटरं. वहीत टिपून ठेवायची सवय मात्र लावा, कारण ‘लक्षात राहील’ असं म्हटलेलं काही राहत नाही.

कुठल्या कामाला कुठला कागद?

दुकानदार ‘किती जीएसएम?’ विचारतो तेव्हा गोंधळू नका. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, एवढाच त्याचा अर्थ. वर्तमानपत्र साधारण ४५ ते ५० जीएसएम, झेरॉक्सचा कागद ७० ते ८०, आणि लग्नपत्रिकेचा जाड कागद २०० च्या पुढे.

घड्या घालायच्या असतील तर ८० च्या आसपास राहा. त्याच्या खूप वर गेलात की घडीवर कागद तडकतो. शाळेत हस्तकलेच्या तासाला आणायचा तो एका बाजूने चकचकीत घोटीव कागद कातरकामाला आजही मस्त, स्वस्त आणि रंगाला भडक. पतंगाचा कागद उजेडासाठी, म्हणजे कंदील आणि खिडकीसाठी. क्रेप फुलांसाठी, कारण तो ताणला जातो आणि पाकळीला पोट येतं. उभं राहायला हवं ते सगळं कार्डशीटचं किंवा पुठ्ठ्याचं. जिलेटीनचा कागद मी सोडून दिला. नावात कागद असला तरी ते प्लास्टिकसारखंच पारदर्शक प्रकरण आहे, खळीने धड चिकटत नाही आणि रद्दीवालाही नेत नाही.

कुठे मिळेल? पुण्यात बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. दिवाळीच्या आधी माहीमच्या कंदील गल्लीत एक चक्कर मारा. विकत काही घेतलं नाही तरी चालेल, कंदिलांचे सांधे कसे बांधलेत ते बघून या.

घडी सरळ येत नाही, कड फाटल्यासारखी दिसते. माझा हातच वाईट आहे का?

हात वाईट नाही, दिशा चुकते आहे. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने घडी घातली की ती धारदार येते, आडवी घातली की कड तडकते. ओळखायचं कसं? वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडा, बहुतेक वेळा सरळ फाटत जाईल. मग आडवं फाडा, वेडंवाकडं जाईल. सरळ फाटलं ती तंतूंची दिशा. जाड कागद फाडावासा वाटत नसेल तर दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो ती दिशा. कार्डशीटला घडीच्या जागी आधी रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढा, मग दुमडा.

हातकागद म्हणजे नेमकं काय? तो इतका महाग का?

हातकागद सहसा लाकडाच्या लगद्याचा नसतो, सुती चिंध्यांचा असतो. कापड कारखान्यांतली आणि शिवणाची कात्रणं बारीक करून, कुटून त्यांचा लगदा करतात. तो पाण्याच्या हौदात ढवळून जाळीच्या साच्यावर एकेक ताव उचलतात, दाबून पाणी काढतात, वाळवतात आणि शेवटी दाब देऊन गुळगुळीत करतात. प्रत्येक तावामागे माणसाचे हात असतात, त्याचे ते पैसे. सुती तंतू लांब असल्याने हा कागद घडीला आणि वर्षांना टिकतो. वर्तमानपत्र मात्र उन्हात आठवड्याभरात पिवळं पडतं, कारण त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं.

आपल्याकडे हे काम जुनं आहे. जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद एके काळी नावाजलेला होता. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्याचं नावच त्यावरून पडलं, आणि पुण्याच्या कसबा पेठेतही कागदीपुरा आहे. ताव तयार झाला की तो गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणजे बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. शाळेतल्या घोटीव कागदाचं नाव ऐकलं की मला तो दगड आठवतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. राजस्थानातलं सांगानेरही हातकागदासाठी प्रसिद्ध.

माझं मत विचाराल तर हातकागद शिकण्यावर खर्च करू नका. शिकायला रद्दी. हात बसला की एक ताव घ्या आणि त्याचं असं काहीतरी करा, जे दहा वर्षं ठेवायचं आहे.

घरी कागद बनवता येतो का?

येतो, आणि एकदा तरी करावा. जुन्या वह्यांची पानं पोस्टाच्या तिकिटाएवढी फाडून रात्रभर भिजत घाला. सकाळी मूठभर कागदाला पाऊण भांडं पाणी घेऊन मिक्सरमधून काढा. पाणी कमी पडलं तर मिक्सर रडतो. पसरट टबात पाणी घेऊन त्यात हा लगदा ढवळा. जुन्या फोटोफ्रेमच्या चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, ती टबात तिरकी बुडवून आडवी वर उचला, निथळू द्या आणि जुन्या पंच्यावर पालथी घाला. स्पंजने जाळीवरून पाणी टिपलं की ताव पंच्यावर सुटतो. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या टाकल्या तर छान दिसतात, गुलाबाच्या मात्र काळ्या पडतात.

दोन ताकिदी. उरलेला लगदा सिंकमध्ये ओतू नका, प्लंबर बोलवावा लागतो (मी बोलवला आहे). आणि स्वयंपाकाचं मिक्सरचं भांडं वापरू नका, निदान घरात कोणी असताना.

फेविकॉल की खळ?

पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायचा तर फेविकॉल. पातळ कागदाला खळ. फेविकॉलने पतंगाचा कागद सुरकुततो, वाळल्यावर डाग दिसतो आणि चुकलं तर काढता येत नाही. खळ ओली केली की निघते.

एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून घ्या, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरट रंग जाऊन ती पारदर्शक-राखाडी दिसायला लागली की उतरवा. जुने लोक त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. मोरचूद विषारी असतं, लहान मुलं हात घालणार असतील तर अजिबात नको. दोन दिवसांपुरतीच खळ करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, वर मोठ्या अक्षरांत ‘खळ’ लिहून. आमच्याकडे एकदा ती खीर समजून वाढली गेली होती.

खळ आणि वर्तमानपत्राचे थर चढवले की काय उभं राहतं ते बघायचं असेल तर गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री जा. पोरं तारा, गवत आणि कागद घेऊन दोन-दोन मजली नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळून टाकतात. इतक्या दिवसांची मेहनत एका काडीत! मला तेवढं धाडस नाही.

आकाशकंदील पहिल्यांदाच घरी करायचा आहे. कुठला करू?

चांदणी नको, तिची टोकं पहिल्या खेपेला एकसारखी येत नाहीत. कामट्यांचा पारंपरिक कंदील करा, दिसतो त्यापेक्षा सोपा आहे.

बांबूच्या २४ कामट्या घ्या, सगळ्या एकाच लांबीच्या. मापात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला तरी कंदील मान वाकडी करतो, म्हणून कापायला वेळ लागला तरी चालेल. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन दोऱ्याने बांधा. आता चौकोनाला चौकोन कडेने जोडायचा नाही, कोपऱ्याला कोपरा बांधायचा. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवा. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला एक चौकोन टोकावर उभा बांधा, असे चार. हे चौघे आपापल्या बाजूच्या कोपऱ्यांनी एकमेकांना बांधा. वर उरलेल्या चार टोकांवर सहावा चौकोन. प्रत्येक गाठीत दोनच चौकोन आलेत ना ते बघा, एकूण बारा गाठी होतात. मधल्या जागांत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, चार वर, चार खाली. सांगाडा डुगडुगतो तेव्हा घाबरू नका, कागद चिकटून वाळला की बराच ताठ होतो. कामटी २५ सेंटिमीटरची घेतलीत तर कंदील साधारण ३५ सेंटिमीटर उंच होतो.

उभ्या चार चौकोनांना एक रंग, आठ त्रिकोणांना दुसरा. पतंगाचा कागद मापापेक्षा बोटभर मोठा कापा, कामटीवरून आत वळवून खळीने चिकटवा. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवा, बल्बची ऊब बाहेर जायला आणि हात आत जायला. कडांवर सोनेरी कागदाच्या पट्ट्या लावा, त्यांनी सगळ्या चुका झाकल्या जातात. झिरमिळ्या शेवटी, खालच्या चार कोपऱ्यांना, आणि कंदिलाच्या दीडपट तरी लांब. आखूड झिरमिळ्यांचा कंदील केस कापलेल्या मुलासारखा दिसतो.

बल्ब एलईडीचाच, ५ ते ७ वॅटचा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब विजेची बहुतेक उष्णताच करतो आणि कागद काळा पडतो, कधी पेटतोही. बल्ब मध्यभागी लोंबता राहील, कागदाला टेकणार नाही, एवढी तार मोजून घ्या.

परदेशात राहतो. इथे कामट्या कुठून आणू?

शेगडीवर मांस-भाज्या भाजायला बांबूच्या काड्या मिळतात, त्या ३० सेंटिमीटरच्या काड्या आणा आणि अणकुचीदार टोकं कापून टाका. भेटवस्तू गुंडाळायचा पातळ टिश्यू म्हणजे पतंगाच्या कागदाचा सख्खा भाऊ. खळ कुठल्याही देशात शिजते. थंड प्रदेशात बाल्कनीत वारं आणि पाऊस असेल तर कंदील खिडकीच्या आतून लावा, रस्त्यावरून तितकाच दिसतो.

गणपतीचं मखर कागदाचं केलं तर टिकेल का?

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली. त्या वर्षीच्या गणपतीपुरती सूट द्या, ही थर्माकोल व्यावसायिकांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. तेव्हा घाईने केलेलं माझं पहिलं पुठ्ठ्याचं मखर तिसऱ्या दिवशी नमस्कार करायला लागलं होतं. कारण नंतर कळलं: पन्हळी पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या मी खांबांना आडव्या ठेवल्या होत्या. त्या उभ्या ठेवल्या की साध्या खोक्याचा पुठ्ठाही चांगलं वजन पेलतो.

मूर्ती पुठ्ठ्यावर ठेवू नका, पाटावर ठेवा आणि मखर मागे व बाजूंनी उभं करा. दुर्वा-फुलांचं पाणी खाली ओघळतं, म्हणून पुठ्ठ्याच्या तळकडेला मेणबत्ती घासून घ्या. समई मखरापासून हातभर लांब, आणि आरतीचं तबक फिरवायला पुढे मोकळी जागा. खांब, कमान आणि पाठ सुटी सुटी करा, खाचेत खाच बसणारी. मग विसर्जनानंतर सपाट करून पलंगाखाली जातात. माझी कमान चौथ्या वर्षी चालू आहे, फक्त वरचा कागद दर वर्षी नवा.

पावसाळ्यात कागद लोळतो, बुरशी येते.

जून ते सप्टेंबर चिकटवायची कामं कमी करा, घड्यांची वाढवा. तयार वस्तू बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल तिथूनच येते. साठवणीच्या कागदात वेखंडाच्या कांड्या ठेवा, जुन्या पोथ्यांच्या बासनात कसरीसाठी ठेवत त्याच.

भाड्याचं घर आहे. मालक खिळा मारू देत नाहीत.

खिळा कशाला? दाराच्या चौकटीत किंवा पडद्याच्या दांडीला सुतळी बांधा आणि लाकडी चिमट्यांनी कामं टांगा. महिन्याला बदलता येतात हा त्यातला खरा फायदा. कपाटाच्या काचा आतून सजवा. एका भिंतीवर एकच गोष्ट असू द्या. मोकळी भिंत बघवत नाही म्हणून आपण ती भरत सुटतो आणि मग खोली रुखवतासारखी दिसायला लागते.

जमलेल्या लग्नपत्रिकांचं काय करू?

गणपतीचं चित्र कापून ठेवायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण ते टाकवत नाही आणि लावायलाही जागा नसते. मी जाड पाकिटांचे खणातले कप्पे करते, आणि सोनेरी नक्षीच्या पट्ट्या कंदिलाच्या कडांना वापरते. नावं दिसणार नाहीत असं बघा. एका नातेवाइकांनी आपल्या मुलीचं नाव आमच्या मसाल्याच्या खणात वाचलं होतं.

मुलांना बरोबर घेऊन करू का?

घ्या, पण तुमचं काम वेगळं, त्यांचं वेगळं. तुमच्या कंदिलावर त्यांना ‘मदत’ करायला लावलं की दोघांचीही चिडचिड होते. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करायला शिकवली. तिथली मला पटलेली गोष्ट अशी की खेळणं हललं, उडलं किंवा वाजलं पाहिजे. शोभेच्या वस्तूत मुलांना पाच मिनिटं रस असतो. कागदाची भिरभिरी करू द्या, तास जाईल.

हे सगळं विकता येईल का?

कंदील विकले जातात, फुलंही. पण लागलेला वेळ तासांत मोजून किंमत काढून बघा, आणि मगच ठरवा. मी दोन दिवाळ्या विकले, आता फक्त देते.

घरचे म्हणतात पसारा झाला. किती ठेवायचं, किती टाकायचं?

एक खोकं आणि एक फाइल, त्यापलीकडे नाही. नवीन काही ठेवायचं तर जुनं काढायचं. साधा कागद रद्दीत जातो. चमकी लावलेला, प्लास्टिकचा थर असलेला किंवा जिलेटीनचा रद्दीवाला घेत नाही, म्हणून तो मुळात आणूच नका.

कात्री कुठली घेऊ?

एक मोठी, एक नखं कापायच्या कात्रीएवढी छोटी टोकदार. महागडी लागत नाही. फक्त शिवणाची कात्री कागदाला लावू नका, धार जाते आणि मग ती कापडावर चावते. आईच्या कात्रीच्या मुठीला लाल दोरा बांधलेला असायचा. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता, तरी ती दर शनिवारी माझ्याच दप्तरात सापडायची.